मंगळवारचा फॉलोअप

बाळाबाईंच्या दारातल्या गटारीच्या चेंबरचं झाकण नाहीसं झालं. घरात त्यांचे यजमान गणपतराव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठी टेकत रोज एकट्यानं देवीला जाणारा माणूस उंबऱ्याच्या आत अडकला. बाळाबाईंनी प्रभाग कार्यालयात रीतसर अर्ज दिला.

"अर्ज मिळाला. आता फॉलोअप घ्या," तिथल्या टेबलावरच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे काय करायचं, बाई?"

"दर मंगळवारी यायचं, विचारायचं, वहीत सही करायची. सह्या सलग भरल्या की अर्ज पुढं जातो."

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'काम तडीस जाईपर्यंत पाठपुरावा करणे' असा आहे म्हणतात. कार्यालयानं त्यातलं 'तडीस' तेवढं अनावश्यक म्हणून वगळलं होतं.

बाळाबाई नेमानं गेल्या. चौथ्या मंगळवारी बहिणीच्या दिवसकार्याला हुपरीला जावं लागलं. खंड पडला, नियमाप्रमाणे मोजणी पहिल्यापासून. पुढं शहरातले फॉलोअप इतके वाढले की कार्यालयाला स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. कक्षाला माणूस हवा, म्हणून झाकणं बसवणाऱ्या मौलालाच तिथं खुर्ची दिली.

"मौला, झाकण हाय न्हवं रं?"

"गोडाऊनला पडलंय की, मावशी. पर मी आता झाकणाकडं न्हाय, फॉलोअपकडं हाय. करा सही."

नव्या मोजणीच्या सहाव्या मंगळवारी बाळाबाई तिकडं सही करत होत्या. इकडं गणपतराव देवीला म्हणून चाचपडत बाहेर आले आणि सरळ चेंबरात गेले. मांडीचं हाड मोडलं.

मॅडम मनापासून हळहळल्या. "अरेरे! पण ही नवीन घटना, तिला नवा अर्ज लागेल. जुना बंद करते. आजोबा आता बाहेर पडणार नाहीत, म्हणजे झाकणाची निकड संपली."

"झाकण न्हाय म्हणूनच पडलं की वो ते!" बाळाबाई ओरडल्या.

"तसं अर्जात लिहा."

गल्लीनं मात्र कसूर केली नाही. रोज पूजा आटोपून मी दारातूनच विचारत होते, "बाळाबाई, झाकणाचं काय झालं?" समोरच्या संयोगितानं खड्ड्याचा फोटो ग्रुपवर टाकला, सत्तेचाळीस जणांनी हात जोडले. खड्ड्यावर एखादी फळी कुणीच टाकली नाही. चांगली सागवानी फळी आमच्याच जिन्याखाली आहे.

तुम्हालाही आता विचारावंसं वाटतंय ना, शेवटी झाकण बसलं का म्हणून? विचारा की. विचारायला काय जातंय?