खवलेशेठची उधारी

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि सल्ला देणारे जास्त झाले होते. त्याच जंगलात धनेशराव नावाचा धनेश पक्षी राहायचा. चोच मोठी, आवाज मोठा, डोकं बेताचं. तुमच्यापैकी कुणाच्या काकांची आठवण आली तर मला सांगू नका.

धनेशरावाची बायको इंदूबाई. ती तेव्हा अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीत अशी की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. नवऱ्याने उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. म्हणजे नवरा शहाणा असायला हवा. रीत पाडणाऱ्यांनी इथे जरा घाई केली.

जंगलात चलन होतं चिंचोक्यांचं. ओढ्याकाठी एका सपाट खडकावर शेअरबाजार भरायचा. नदीपल्याड एक मोठा वड होता म्हणे. त्याला पुढे जी फळं लागणार, त्यांचे शेअर इथे विकले जात. माकडं फांदीवरून भाव ओरडायची. वड कुणी पाहिला नव्हता, पण भाव सगळ्यांना पाठ होता.

तिथला दलाल म्हणजे खवलेशेठ. जातीचं खवले मांजर. स्वभावाने गोड. अडचणीचा प्रश्न विचारला की अंगाचा गोळा करून पडून राहायचा, एवढंच.

"धनेशराव, तुम्ही एक चिंचोका घाला, वर चार मी उधार देतो," खवलेशेठ म्हणाला. "नफा सगळा तुमचा. मला फक्त व्याज आणि किरकोळ दलाली."

"आणि तोटा झाला तर?"

खवलेशेठचा गोळा झाला. बऱ्याच वेळाने तो उलगडला आणि म्हणाला, "ढोली तारण म्हणून लिहून द्या. नुसती औपचारिकता असते हो."

धनेशरावाने पानावर चोचीचा ठसा उमटवला. वाचलं नाही. वाचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला झोपावं लागलं असतं.

भाव चढू लागला. धनेशरावाने वाढलेल्या शेअरवर आणखी उधारी काढली आणि आणखी शेअर घेतले. आता तो दिवसभर खडकावर बसू लागला. संध्याकाळी रिकाम्या चोचीने घरी यायचा.

"उंबरं आणलीत?" फटीतून इंदूबाई विचारायची.

"अगं, आज आपले शेअर किती चढलेत माहीत आहे का?"

"ते खाता येतात का?"

"तुला बाजारातलं काही कळत नाही," धनेशराव म्हणायचा. इंदूबाई उपाशी झोपायची. मला या ठिकाणी धनेशरावाचा मनापासून राग येतो. पण बोधकथा सांगणाऱ्याने रागवायचं नसतं, म्हणून पुढे जातो.

एके दिवशी एक वानर धापा टाकत आला. नदीपल्याडच्या वडाला कीड लागली, असं तो म्हणाला. त्याने पाहिली होती का? नाही. त्याच्या साडूने सांगितलं होतं. भाव धाडकन खाली आला.

धनेशराव घरी येऊन रडकुंडीला आला. इंदूबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तुम्हाला पंख आहेत ना? नदी ओलांडा, वड बघून या. कीड नसेल तर घाबरायचं कारण नाही. असेल तर आत्ताच विकून मोकळे व्हा."

"भलतंच काय सांगतेस? मी तिकडे गेलो आणि इकडे भाव आणखी पडला तर?"

असं म्हणून तो खडकावर जाऊन बसला. भाव त्याच्या डोळ्यांदेखत पडला. तो तिथे हजर होता, याचं त्याला समाधान वाटलं.

दुपारी खवलेशेठ आला. "धनेशराव, तुमचा चिंचोका संपला. यापुढे भाव घसरला तर माझे जातील. ऊन कलायच्या आत आणखी चिंचोके भरा."

"थोडं थांबा शेठ. वर येईल तो."

"मी थांबेन हो. नियम थांबत नाही."

"नियम केला कुणी?"

खवलेशेठचा गोळा झाला. ऊन कललं तेव्हा उलगडला आणि त्याने धनेशरावाचे सगळे शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकले. ते त्याच्याच मेव्हण्याने घेतले. तरी उधारी फिटली नाही.

दुसऱ्या दिवशी खवलेशेठ ढोलीचा ताबा घ्यायला आला. त्याची नखं भक्कम होती. इंदूबाईने लिंपलेली भिंत त्याने भराभर उकरली.

"अंडी तुमची तुम्ही घेऊन जा," तो म्हणाला. "आम्ही माणुसकी सोडलेली नाही."

इंदूबाई बाहेर आली. धनेशीण ढोलीत असताना तिची पंखांची पिसं गळून जातात, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तिला उडता येत नव्हतं. दोन फांद्यांच्या बेचक्यात तिने अंडी ठेवली, त्यांच्यावर बसली आणि वर बघितलं. वर छप्पर नव्हतं. घार होती.

"आता काय करायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

धनेशरावाचे कान बाजाराकडे होते. माकडं नवा भाव ओरडत होती.

"इंदू, इतका स्वस्त पुन्हा मिळणार नाही," तो हळूच म्हणाला. "ढोलीत तुझी गळलेली पिसं पडली आहेत ना? ती ढोलीबरोबर लिहून दिलेली नाहीत. त्यांच्यावर शेठ किती देतील?"

इंदूबाईने त्याला कडकडून चोच मारली. तो डोकं चोळत ढोलीपाशी गेला. खवलेशेठने पिसं मोजून घेतली आणि ठशासाठी पान पुढे केलं.

तात्पर्य : मुलांनो, लहानपणापासून कष्ट करावेत आणि स्वतःचे घर चांगले मजबूत बांधावे. पडक्या घरावर कोणी उधार देत नाही.