प्रभातफेरी अडवणारे शामरावजी

शाळेची प्रभातफेरी दिसली की शामरावजी बाजेवरून उठत आणि रस्त्यात काठी आडवी धरत. आंजी गावात मी मास्तर होतो; माझ्या खोलीला लागूनच त्यांचं घर. फेरी मीच नेत असे. "नारे राहू द्या," ते पोरांना म्हणत, "मांगच्या साली लावलेल्या झाडाले पानी कोनं घातलं, ते सांगा." पोरं माझ्याकडे बघत, मी आभाळाकडे.

त्यांचा दुसरा राग गोबरगॅसवर. त्या काळात सरकार त्यासाठी सबसिडी देई. शामरावजींची बायको वारलेली, मूलबाळ नाही, पण गोठा भरलेला. म्हणून ग्रामसेवक त्यांच्या मागे लागला होता. ते त्याला बसवून चहा पाजत आणि विचारत, ज्याच्याकडे ढोरंच नाहीत त्याच्या चुलीला सरकार काय देणार? "ढोरवाल्याले सबसिडी, बिनढोरवाल्याले भाषण" हे त्यांचं वाक्य आम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं आहे.

एकदा वनमहोत्सवाला शहरातून एक पाहुणे आले. झाड तोडणारा खुनी असतो, असं त्यांनी मुलांकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं. तिसरीतली बेबी घरी गेली ती जेवेचना. तिची आई रुख्मा जंगलातून मोळ्या आणून विकायची. आपली माय खुनी, हे पोरीच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशीही तिनं चुलीवरचं काही तोंडात घातलं नाही. रुख्मा रडत शाळेत आली. मी बेबीला जवळ घेतलं, पण काल शाळेनंच शिकवलेलं आज खोटं कसं म्हणावं, ते मला सुचेना.

शामरावजींच्या कानावर हे गेलं. आता शाळेत येऊन तमाशा करणार, असं मला वाटलं. ते आले आणि बेबीसमोर जमिनीवर बसले. "उद्या रविवार हाये. मले तुह्या मायसंगं जंगलात जाचं हाये. तू येतं का?"

आम्ही चौघं गेलो. रुख्मा वाळकं सरपण वेचत होती. मोळी भरेना, तेव्हा तिनं एक ओली फांदीही तोडली. बेबीनं शामरावजींकडे पाहिलं.

"तोडली," ते म्हणाले. "खोटं काऊन बोलू? पन तुही माय खुनी नाई, पोरी. तिले तुले भाकर द्याची हाये. झाडाचा हिशेब कराले मोठी मानसं हायेत. तू जेवत जाय."

परतताना मोळी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मान लटलटत होती, पण कुणाला हात लावू देईनात. रुख्माच्या झोपडीत भाकरी टाकल्या गेल्या. शामरावजी उठायला लागले, घरी जाऊन करून खातो म्हणाले. बेबीनं ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "पयले तुमी खा. मंग मी खातो."

ते खाली बसले. दोघं समोरासमोर जेवले.

मी त्यांच्यासोबत घराकडे निघालो. दाराशी ते थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "तव्यावरची भाकर कोनी ताटात वाढते, हे मी इसरलोच होतो."

आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.