चांगुणामावशी गप्प बसल्याचा सिनेमा

चांगुणामावशीकडून मासे घ्यायचे तर हाताशी वेळ हवा. पापलेट साफ करून ती पिशवीत भरते, पण पिशवी मांडीशी धरून ठेवते. तिची गोष्ट संपली की मगच मासे तुमचे. मध्ये कुणी तोंड उघडलं की कोयता वर करून म्हणते, "थांब गो बाय, माजा झाला नाय अजून." आमच्या करंजाड्याच्या बिल्डिंगमधल्या तिघींना तिच्यापायी ऑफिसात लेटमार्क लागले आहेत. मी त्यातली एक.

तर या बाईला सिनेमात गप्प दाखवलं. मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी तिच्या गावात, जासईत, सिनेमाचं युनिट आलं. माणसाला नक्की काय हवं असतं आणि ते त्याचं त्याला का कळत नाही, असा तत्त्वज्ञान आणि मनोविश्लेषणाचा सिनेमा. एक दाढीवाले विद्वान तिथल्या बंदराच्या कंटेनरच्या थप्प्यांमधून हिंडत इच्छा-वासनांवर बोलतात. त्या लोकांनी मावशीला तिच्याच ओट्यावर बसवून विचारलं, तुम्हाला आयुष्यात काय हवंय? मावशी पाऊण तास बोलली. कॅमेऱ्याची बॅटरी बदलावी लागली, हे ती वर्षभर सगळ्या बिल्डिंगला ऐकवत होती.

परवा गावच्या शाळेत पडदा लावून तो सिनेमा दाखवला. काल मावशी आली ती पाटी आपटतच. तिच्या मुलाला युनिटनं लिंक पाठवली होती, ती मला लावायला सांगितली. आम्ही दोघी जिन्यात बसलो. मी ऑफिसला फोन करून डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तासाभरानं सिनेमात मावशी दिसली. ओट्यावर बसलेली, पदर सारखा करणारी, तोंड मिटलेलं. बोलायला सुरुवात करण्याआधीचा तेवढाच तुकडा ठेवला होता, आणि वर त्या विद्वानांचा आवाज: या स्त्रीच्या इच्छेला भाषाच नाही.

"भाषा नाय?" मावशी म्हणाली. "मना?"

माझं डोकं आता खरंच दुखायला लागलं. पाऊण तास बोललेल्या बाईला आधी मुकी करायची आणि मग तिच्या मुकेपणावर प्रवचन झोडायचं, हा कुठला शहाणपणा? मी तिथल्या तिथे युनिटला मेल लिहायला घेतला. मावशीला विचारलं, तुम्ही नेमकं काय सांगितलं होतंत? तेच घालते यात.

तेव्हा मावशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. तिला हवी होती तिची थोरली जाऊ, सुंदराबाय. दोघींच्या घरांत एकच भिंत, पण नऊ वर्षं अबोला. मावशीच्या मोठ्या मुलाच्या लग्नात पहिली हळद थोरल्या जावेनं लावायची होती. गडबडीत ती मावशीच्या बहिणीनं लावली आणि सुंदराबाय भरल्या मांडवातून उठून गेली. चूक मावशीचीच, पण तोंडावर कबूल करणं तिला काही जमेना. म्हणून तिनं कॅमेऱ्यापुढे सगळं कबूल केलं. धाकट्याची हळद येत्या वैशाखात आहे, पहिलं बोट सुंदराबायचं, तिच्याशिवाय मी हळद भिजवणार नाही, असं सांगून टाकलं. सिनेमा गावात लागेल, जाऊ ऐकेल, एवढीच तिची आशा.

मी विचारलं, ती आली होती का?

"आली ना. मागं बसली." मावशीनं पाटीतली कोलंबी सोलायला घेतली. "उठताना माज्याजवल आली. नऊ वर्सांनी पयल्यांदा बोलली. म्हनाली, तू काय बोललीस नाय गो?"

"मग?"

"मग काय. मी गप."

त्या दाढीवाल्याचं म्हणणं असं खरं ठरावं, याचा मला जास्तच राग आला. अर्धा लिहिलेला मेल मी पुसून टाकला. म्हटलं, मावशी, वैशाखाला दोन महिने राहिलेत. आज संध्याकाळी जा आणि सांगून टाका. मावशीनं मान डोलावली. मग सोललेली कोलंबी ती उगाच पुन्हा निवडत बसली.

"जाईन," ती म्हणाली. "पन बाय, पयला काय बोलू, त्या तू सांग."