बांधू न... येऽऽ

मेळा रद्द झाल्याचे भोंग्याला गावभर सांगून यायचे होते. सायकलला कर्णा बांधून गल्लोगल्ली घोषणा करणे हा त्याचा धंदा. नावही त्यावरूनच पडलेले. थंडी सरताना भरणारा गुरांचा मेळा म्हणजे त्याच्या गळ्याचे वर्षातले सगळ्यात मोठे काम. यंदा आसपासच्या गावांत लाळ्या-खुरकूत आली. गुरांच्या तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा हा आजार एकाचा दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

"काका, मैदानावर गायीला गाय भेटली की संपलं," गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले. "नीट सांगा सगळ्यांना."

सगळ्यांना सांगायला तो तयार होता, फक्त घरी सांगायचा त्याला धीर झाला नव्हता. त्याची एकुलती एक गाय मेळ्यातल्या पहिल्या क्रमांकासाठी बायकोने वर्षभर लेकीसारखी जपली होती. बायकोची झोपमोड न करता तो पहाटेच निघाला.

धुके इतके दाट होते की सायकल रस्त्यावरून चालली आहे की ढगातून, हे त्याला कळेना. मग त्याला नको ते दिसू लागले. तंबू, घुंगरांचा आवाज, गळ्यात लाल फीत घातलेली आपली गाय. तोंड घोषणा करत होते, मन मेळ्यात फिरत होते. जन्मभर त्याने आमंत्रणेच दिलेली. 'सर्वांनी अगत्य... यावेऽ!' शेवटच्या 'य'आधी छातीभर श्वास घ्यायचा आणि मग ते अक्षर लांब सोडून द्यायचे, ही त्याच्या गळ्याची जुनी खोड. घरामागच्या रस्त्याला लागला तेव्हा घोषणेचे शेवटचे वाक्य तेवढे उरले होते.

"कुणीही मैदानावर गाय बांधू न..." श्वास. "...येऽऽ."

गोठ्यात बायको गायीचे अंग पुसत होती. धुक्यातून झिरपून तिच्यापर्यंत एवढेच पोचले : मैदानावर गाय बांधून ये. गावाला तो 'या' म्हणतो, 'ये' फक्त आपल्याला, हे तिला ठाऊक होते. भर रस्त्यात कर्ण्यावरून आपल्याशी बोलला म्हणून ती जराशी लाजलीसुद्धा. मग तिने गायीला लाल फीत बांधली आणि निघाली.

"वहिनी, कुठं चाललात?" गिरणीवाल्याने दारातून विचारले.

"मैदानावर. ह्यांनीच सांगितलंय."

गिरणीवाल्याचे डोके गिरणीपेक्षा जोरात फिरते. "बघा, गावाला म्हणतो रद्द, आणि स्वतःची गाय पुढं," तो शेजाऱ्याला म्हणाला. "मैदानात एकच गाय असली की पहिला नंबर कुणाचा?" बघता बघता गोठ्यांची दारे उघडली. प्रत्येक गल्लीच्या तोंडातून एकेक गाय धुक्यात उतरू लागली.

मैदानाच्या फाटकाशी डॉक्टरीणबाईंनी भोंग्याला गाठले. "काका, तुम्ही नेमकं सांगितलंत तरी काय?"

"तुम्ही सांगितलं तेच. गाय बांधू न... येऽऽ."

बाईंनी कपाळाला हात लावला. "परत म्हणा." त्याने परत म्हटले, आणि या वेळी त्याला स्वतःलाही ऐकू आले.

तो कर्णा घेऊन फाटकात आडवा उभा राहिला. "मागं फिरा. मेळा रद्द आहे."

"मग ती कुणाची?" गिरणीवाल्याने बोट दाखवले. मैदानाच्या मधोमध, लाल फीत घालून, भोंग्याची गाय स्वप्नातून आल्यासारखी उभी होती.

"माझी. बायकोनं आणली."

"का बरं?"

"मी सांगितलेलं ऐकलं तिनं."

हे कुणालाच पटेना. "थाप तरी धड मार की," मागून कुणीतरी म्हणाले, आणि गायी दोन पावले पुढे सरकल्या. तेव्हा बायकोच पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "खरंच ऐकलं हो," ती म्हणाली. "उभ्या जन्मात पहिल्यांदा ह्यांचं ऐकलं, आणि हे असं झालं."

हे मात्र सगळ्यांना पटले. हसत हसत लोक आल्या गल्लीने परतले, आणि एकाही गायीचे नाक दुसरीला लागले नाही. डॉक्टरीणबाईंनी भोंग्याच्या गायीभोवती दोरी बांधली. ती निरोगी असल्याची खात्री होईपर्यंत तिथेच राहणार होती, आणि तिच्यासोबत भोंग्या. संध्याकाळी बाईंनी त्याच्याकडून तालीम करून घेतली, मग त्याने मैदानातूनच कर्णा लावला. "मैदानावर जाऊ नये." एका दमात, सलग. बाई खूश होऊन घरी गेल्या.

धुके पुन्हा उतरले. रिकाम्या मैदानात गाय रवंथ करत बसली. तिच्या गळ्यातली फीत बघून भोंग्याला भडभडून आले. मेळ्यातली एकुलती एक गाय, म्हणजे पहिलीच की. तेवढ्यात दोरीपलीकडे बायको उभी दिसली. हातात डबा, खांद्यावर पांघरूण.

"अगं, मी आत्ताच काय सांगितलं?"

"मैदानावर जाऊन ये."

"मी नीट म्हटलं होतं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही."

"हो ना," डबा दोरीवरून पुढे करत ती म्हणाली, "म्हणून मग तो मी घेतला."