पान्याला इसावा

घरात पाणी तापवायचा नवा सोलर बसवला, त्या वर्षी मी एकदा अक्कल पाजळली होती. गच्चीवर सगळ्यात कडक ऊन कुठे, तर सोलरच्या काचेच्या नळ्यांवर. म्हणून धुतलेली ओली वाकळ मी नेमकी तिथेच वाळत घातली आणि विसरून गेले. वाकळ कसली, जुन्या साड्यांचा डोंगरच तो. नळाला थंड पाणी यायला लागल्यावर मेकॅनिकला फोन लावून असा फैलावर घेतला की बिचारा माझीच माफी मागायला लागला. मी साताऱ्याची ना! लग्न होऊन विट्याला आल्यापासून इथल्या लोकांना काही कळत नाही, हा माझा ठाम समज. तेव्हा चाळिशी उलटलेली होती, म्हणजे वय लहान होतं म्हणायचीही सोय नाही.

चोरी पकडली शेजारच्या बायजाक्काने. आमची गच्ची तिच्या गच्चीला लागून. तिकडून तिने गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "आगं ए सातारकरणी! सूर्याला पांघरून घातलंस की गं! थंडी वाजत हुती व्हय त्याला?"

त्या दिवसापासून माझं नाव पडलं वाकळवाली, आणि आमच्या सोलरची डॉक्टर झाली बायजाक्का. आमच्याच नव्हे, अख्ख्या गल्लीच्या.

कुणाचंही पाणी तापेनासं झालं की अक्का बोलावण्याची वाट बघत नसे. काष्टा खोचून गच्चीवर हजर. लेकराचा ताप बघावा तसा पाइपला उलटा हात लावायची, मग कान लावायची. "हवा धरलीया पाइपानं," नाहीतर "बोअरच्या पान्याचा खार बसलाय नळ्यांत." हवा काढायची तिची रीत म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाला नळाला तोंड लावून फुंकायला लावणं. समोर राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांना तिने गाल लाल होईपर्यंत फुंकायला लावलं. "जोरात, सायेब! सकाळी खाल्लं न्हाई का काय?"

गंमत म्हणजे रोग कुठलाही असो, औषध एकच. "पान्याला इसावा पायजे. दोन दिस हात लावू नका त्याला. तवर आमच्यात आंगुळीला या."

मग खांद्यावर टॉवेल टाकून लोक अक्काच्या दारात. तिच्या गच्चीवरची टाकी म्हणजे हत्ती. मदुराईला तिच्या तिन्ही लेकांचं सोनं गाळायचं दुकान. दिवाळीला सगळं खटलं गावी आलं की एकाचीही आंघोळ अडायला नको, म्हणून एवढी मोठी बसवलेली. त्या न्हाणीत पाणी कढत, साबण नवा, आणि दाराबाहेर स्वतः अक्का. "पाट घासली का? कानामागं घासा!" हे पन्नाशीच्या बँकेतल्या साहेबांना. साहेब आतून म्हणायचे, "घासतोय, अक्का." बाहेर आलं की चहा, आणि गरम भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

आमचा सोलर फार वेळा आजारी पडायला लागला, तेव्हा मला शंका आली. वर जाऊन बघितलं तर टाकीखालचा कॉक बंद. पाना आणून उघडला. पुढच्या आठवड्यात परत बंद. अक्काला विचारलं तर म्हणाली, "वाऱ्यानं फिरतो त्यो."

"अक्का, वाऱ्याला पाना लागतो का हो?"

"विट्याचा वारा हाय त्यो. साताऱ्याचा न्हवं."

माझ्या मात्र एक लक्षात आलं होतं. चार दिवस अक्काकडे कुणी फिरकलं नाही की तिच्या टाकीतलं पाणी उकळायला लागायचं. वरच्या पाइपातून वाफ, आत गडगड. अक्का म्हणायची, "टाकी चिडलीया माजी." आणि टाकी चिडली की दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणाचा तरी सोलर हमखास बिघडायचा. मी कॉक उघडायचा सोडून दिला.

गेल्या हिवाळ्यात थोरला संपत मदुराईहून आला. सोबत फिटर आणि दोरखंड. टाकी उतरवून न्हाणीत छोटा गीझर बसवायचा, असं ठरवूनच आला होता. अक्का शिडीच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"टाकी उतरवायची तर आदी मला उतरवा."

"आई, ह्या वयात तू शिडी चढतीस. पडलीस तर बघनार कोन?"

"पडनार न्हाई. पडले तर उठीन. तू फोनवर बघ."

संपत वाईट मुलगा नव्हे. तो हळूच म्हणाला, "आई, उकळून उकळून टाकी फुटंल एक दिवस. वापरतं कोन एवढं पानी?"

मी आमच्या गच्चीवरून ऐकत होते. अक्काने वर, टाकीतून निघणाऱ्या वाफेकडे बघितलं. फिटरने दोरखंड सोडायला घेतला.

मी खाली पळाले. माझ्या गुडघ्यांना हे सांगू नका. बादलीत वाकळ बुचकळली, वर आणली आणि सोलरच्या नळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. आमची सूनबाई ओरडली, "आई, अहो काय करताय!" तिला म्हटलं, "पाण्याला विसावा. पोरांचे टॉवेल घे आणि चल माझ्या मागून."

"अक्का, आमचं पाणी तापेना," मी त्यांच्या दारातून ओरडले. "आंघोळीला आलोय सगळी."

अक्का शिडीवरून अशी उठली की फिटर दचकला. न्हाणीचं दार उघडलं, नवा साबण निघाला. आत मी, बाहेर ती. "कानामागं घास!" संपतने एकदा आमच्या गच्चीकडे बघितलं. मग फिटरला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. च्या घे आन् जा." दोरखंड परत गुंडाळला गेला.

भाकरी खाऊन मी निघाले. अक्का फाटकापर्यंत आली, आमच्या गच्चीवरच्या ओल्या वाकळेकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि आवाज अजिबात न उतरवता म्हणाली,

"आता घरी जाऊन ती वाकळ काढ, वाकळवाले. आन् उद्या परत घाल."