रेषेबाहेरचे प्रवाळ

जी वस्तू मोजलेली नाही तिचे रक्षण करता येत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. आमच्या संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी उष्ण समुद्रातील एका बेटावर अभ्याससहलीला जाऊन प्रवाळ मोजतात, ते याच तत्त्वाला धरून.

पद्धत निर्दोष आहे. आकडे मागच्या वर्षाशी ताडून पाहता यावेत म्हणून मोजणी नेहमी एकाच रेषेवर करायची. रेषा हलू नये म्हणून लोखंडी मेखा प्रवाळातच ठोकायच्या (वाळूत त्या टिकत नाहीत). मेखांना दोरी ताणून बांधायची, दोरीलगत चौकट ठेवायची आणि पायांतली रबरी वल्ही सांभाळत विद्यार्थ्याने तिच्यावर तरंगायचे. तरंगणे न जमल्यास उभे राहण्याची मुभा आहे. (शेकडा ऐंशी विद्यार्थी ती घेतात, उरलेले वीस त्यांच्या खांद्यांना धरून तरंगतात.)

निष्कर्षांत कमालीचे सातत्य आहे: प्रवाळ कमी होत आहेत. परिस्थितीचे गांभीर्य ओळखून दरवर्षी अधिक विद्यार्थी पाठवले जातात.

यंदा या सुरळीत कामात शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने खोडा घातला. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. पाण्यात चष्मा काढावा लागल्याने तिला दोरी दिसली नाही आणि ती खडकाच्या पलीकडे गेली. नाक लावल्याशिवाय तिला काही दिसत नसल्याने तिथले सारे तिने फार जवळून पाहिले.

बोटीवर चढताच ती म्हणाली, "सर, पलीकडे सगळं जिवंत आहे. मेलंय ते फक्त आपल्या दोरीखालचं."

मार्गदर्शक सर शांत स्वभावाचे आहेत. "रेषेबाहेर बघायला तुला कोणी सांगितलं होतं, बाई?"

"कोणी नाही, सर. पण आपणच तुडवतोय ते."

सरांनी हे नाकारले नाही. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु जागा दाखवल्याशिवाय ते ग्राह्य नाही, ते ग्राह्य नसेल तर प्रबंध अपुरा, आणि प्रबंध अपुरा तर पदवी नाही, असे त्यांनी पायरीपायरीने समजावले. जागा दाखवली तर तिथे काय होईल, हे तिला न समजावता कळले. तिने जागा दाखवली नाही.

अखेर आईचा फोन आला. "जागाच दाखवायची ना गं? मग दाखव आणि पास होऊन घरी ये. दगडांपायी वर्ष घालवतेस की काय?"

तिने जागा दाखवली.

प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली. पलीकडच्या खडकावर नवी रेषा आखण्यात आली असून तिला चष्मेवालीचेच नाव देण्यात आले आहे. पहिली मेख ठोकण्याचा मानही तिचाच होता. तिने हातोडा हाती घेतला नाही. (हा विनय इतर विद्यार्थ्यांनी घेण्यासारखा आहे. मेख सरांनी ठोकली.)

पुढील सहलीपासून काही जागा निसर्गप्रेमी नागरिकांसाठी राखून ठेवल्या आहेत. निवडीची कसोटी एकच: हा वृत्तांत वाचून उमेदवाराला मनापासून हळहळ वाटली पाहिजे आणि पाठोपाठ, सगळे नष्ट होण्याआधी आपण एकदा डोळ्यांनी पाहून यावे, असेही वाटले पाहिजे.

आपण येथवर वाचले आहे. वल्ह्यांसाठी पायाचे माप तेवढे कळवावे.