रेव्हरंडांचा सत्कार आणि परत गेलेली साडी

ख्रिस्ती धर्मगुरूंविषयी आमच्या राजुरीत कुणाला काही विचारायचं असेल, तर ते मलाच! सत्त्याण्णव साली जुन्नरच्या वाचनालयात जाडजूड शब्दकोश उघडून मी अख्खी दुपार घालवली होती. कारणही तसंच होतं. एका मिशन दवाखान्याचं पत्र आलं होतं, 'नेत्रशिबिराची जागा ठरवायला रेव्हरंड शिरसाठ येतील.' जागा पसंत पडली की गावात शिबिर, आणि माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट! बिचारी दोन वर्षं चाचपडत चुलीपर्यंत जात होती.

सरपंच हौशीरामभाऊंनी विचारलं, "गोरख, सत्कार जोडीनं करायचा ना? बाईंसाठी साडी-चोळी आणलीय."

"भाऊ, काय बोलता! पाद्री हा शब्द पोर्तुगिजांचा. पाद्रे म्हणजे बाप. त्यालाच इंग्रजीत फादर म्हणतात. रेव्हरंड म्हणजे आदरणीय. नावं तीन, माणूस एकच. आणि तो जन्मभर लग्न करत नाही!"

"आरं बाबौ! मंग साडी बघून कोपायचा की त्यो!"

साडी त्याच दिवशी आळेफाट्याच्या दुकानात परत गेली.

ठरल्या दिवशी शाळेपुढे मांडव भरला. जीपमधून पांढऱ्या गळपट्टीचे रेव्हरंड उतरले. त्यांच्यामागून हिरव्या साडीतल्या एक बाई. मी जराही गडबडलो नाही! माईक धरला आणि गरजलो, "आजन्म ब्रह्मचारी फादर शिरसाठ आणि त्यांच्यासोबत आलेल्या संन्यासिनी सिस्टर यांचं स्वागत!"

तेवढ्यात जीपमधून चार वर्षांची एक पोरगी उडी मारून आली आणि रेव्हरंडांना बिलगली.

"पप्पा, मम्मीला सांगा ना, मला शू लागलीय!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. म्हातारे उठून चपला शोधू लागले!

"ह्यो कसला बरमचारी?" हौशीरामभाऊ माझ्या कानात फुसफुसले, म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "लेकुरवाळा हाय की! आसल्या माणसाचं शिबिर आपल्याला नगं!"

आईचे डोळे माझ्यामुळे जाणार!

रेव्हरंडांनी मात्र शांतपणे माईक घेतला. "मंडळी, कॅथलिक पंथाचे फादर लग्न करत नाहीत. मी प्रोटेस्टंट. आमच्यात धर्मगुरू संसार करतात. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तेही चर्चमध्ये, दोनशे माणसांसमोर!"

लोक हसत हसत खाली बसले. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की शब्दकोशात त्याला शब्द नसावा.

रेव्हरंड पुढे म्हणाले, "आणि ऑपरेशनं मी करत नाही. ती ह्या करणार, डॉक्टर शिरसाठ."

संन्यासिनी! मी सगळ्या गावापुढे डॉक्टरीणबाईंना संन्यास देऊन बसलो होतो! वर साडीसुद्धा नाही, सत्काराला त्यांच्या हातात नुसता नारळ!

बाईंनी तो नारळ बाजूला ठेवला, बॅटरी काढली आणि पुढच्या रांगेतल्या आईपासूनच तपासायला सुरुवात केली. दोन्ही डोळे पाहून म्हणाल्या, "आजी, ऑपरेशन होईल." मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "हे माईकवाले तुमचे कोण?"

जुळून आलेलं ऑपरेशन हातचं जाऊ देणारी माझी आई नव्हती.

"कोन जानं, बाई," ती म्हणाली. "मला कुटं दिसतंय!"